खाचांतली माती

आमच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात रंगाचा एक रिकामा डबा आहे, वीस लिटरचा. त्याच्या आतल्या बाजूला, तळापासून तीन बोटांवर, तांबड्या ऑइलपेंटची एक रेघ फिरवलेली आहे. काठाला करवतीने पाच खाचे पाडले आहेत आणि त्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली आहे, म्हणजे काही टेकून ठेवलं तर सरकू नये, खरचटू नये. डब्याशेजारी एका टोपलीत तीन वस्तू : झिजलेला टूथब्रश, झाडूच्या काडीला टोक काढून केलेली कोरणी आणि चौकडीचा जुना गमछा. हा सगळा सरंजाम माझ्या सासऱ्यांनी, बाबांनी, गोल्फच्या काठ्या धुण्यासाठी तयार केला होता. बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. डबा अजून तिथेच आहे.

मी मिरजेची. तौलनिक साहित्याच्या एम.ए.साठी जादवपूरला आले, लग्न करून कोलकात्यातच राहिले आणि गेली वीस वर्षं बंगालीतून मराठीत अनुवाद करते. गोल्फशी माझा संबंध एवढाच, की घरात एक माणूस खेळत होता. ज्या शहरात 1829 साली गोल्फ क्लब निघाला, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना म्हणून जो ओळखला जातो, त्या शहरात हे नवल नाही. बाबांचा क्लब दुसरा, साधा, कारखान्यातल्या अधिकाऱ्यांसाठीचा. पण बाबांचं धुणं मी चार वर्षं रविवारी सकाळी चहा घेत पाहिलं आणि त्यातून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. तो गोल्फचा प्रश्न नाही. आपली घाण आपण काढली की आपण मोकळे होतो का, असा तो प्रश्न आहे.

आधी धुण्याविषयी, कारण प्रश्न तिथूनच निघाला.

गोल्फच्या लोखंडी काठीच्या तोंडावर आडव्या बारीक खाचा असतात. मला त्या नक्षी वाटल्या होत्या. बाबांनी सांगितलं, की मोटारीच्या टायरवर जसे कंगोरे असतात तशा त्या आहेत. काठी चेंडूवर आदळते तेव्हा मध्ये ओलं गवत आणि पाणी येतं, ते या खाचांत शिरतं आणि धातूला चेंडू धरता येतो. धरला तर चेंडूला फिरकी मिळते, फिरकी मिळाली तर तो जिथे पडतो तिथे थांबतो. खाचा मातीने भरलेल्या असतील तर चेंडू निसटतो, कमी फिरतो आणि पडल्यावर कुठवर घरंगळेल याचा नेम नाही. काठी आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती असते. तेवढ्या वेळात काय घडणार हे आदल्या रविवारी कोणी काडीने माती कोरली की नाही यावर ठरतं.

धुण्याची रीत अशी. पाणी कोमट, हाताला सोसेल इतकंच. भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. पाणी तांबड्या रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण काठीचं डोकं आणि दांडा जिथे जुळतात तिथे गोंद असतो आणि त्यावर प्लॅस्टिकचं काळं कडं असतं. गरम पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवलं तर गोंद सैल होतो, एखाद्या दिवशी डोकं चेंडूच्या पुढे उडून जातं. दहा मिनिटं भिजवायचं, ब्रशने खाचांच्या दिशेने घासायचं, आडवं नाही. वाळलेली माती काडीने काढायची. तारेच्या घासणीला हात लावायचा नाही, तिने चकाकी जाते आणि मग गंज धरतो. मूठ साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची, कारण तळहाताचा घाम आणि तेल बसून रबर गुळगुळीत होतं. शेवटी सगळं कोरडं करायचं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. कोलकात्याच्या हवेत ओली ठेवलेली वस्तू ही गमावलेली वस्तू.

मोठ्या डोक्याच्या काठ्यांना ‘वूड’ म्हणतात. त्या डब्यात जात नसत, नुसत्या पुसल्या जात. त्यांत आता लाकूड नसतं, पोलाद किंवा टिटॅनियम असतं. पण एकेकाळी ती डोकी पर्सिमनच्या लाकडाची असत, आणि पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं झाड, जिच्या पानांत विडी वळतात ती टेंभुर्णी. लाकूड गेलं, नाव राहिलं. तीळ नसलेल्या तेलाला आपण तेलच म्हणतो, तसं. अनुवादकाला असल्या गोष्टींचा आनंद होतो, बाकी कोणाला होत नाही. बाबांनी मान डोलावली आणि पुसत राहिले.

हे काम बाबांनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुरू केलं. त्याआधी तीस वर्षं त्यांच्या काठ्या क्लबमध्येच राहत आणि त्यांचा कॅडी त्या धुऊन ठेवी. एकच कॅडी, बाबांपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. 2020 च्या टाळेबंदीत क्लब बंद झाला, पिशवी घरी आली आणि बाबांनी डबा केला. क्लब पुन्हा उघडल्यावरही ते घरीच धुऊ लागले. मला एकदा म्हणाले, “बौमा, तीस वर्षं माझ्या पायाखालची माती दुसऱ्याने पुसली. मला एकदाही वाटलं नाही की हे विचित्र आहे. आता वाटतं. उरलेली वर्षं तरी माझी माती मी काढीन.”

मला ते फार भावलं. मी महाराष्ट्रातली, गाडगेबाबांच्या खराट्याच्या गोष्टींवर वाढलेली : आधी गाव झाडायचं, मग रात्री कीर्तन. आणि याच शहरात 1901 साली काँग्रेसच्या अधिवेशनाला आलेल्या गांधींनी संडासांची अवस्था पाहिली, ते काम भंग्याचं आहे असं स्वयंसेवकांकडून ऐकलं आणि झाडू मागून घेऊन स्वतः सफाई केली. आत्मकथेत त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. आपली घाण दुसऱ्यावर टाकायची नाही, हे तत्त्व मला इतकं स्वच्छ वाटत होतं, की त्यात काही कोरायचं उरलं असेल असं वाटलं नाही.

मग एका रविवारी तो कॅडी घरी आला. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, भेटायला आला. व्हरांड्यात बसला, डब्याकडे पाहिलं, तांबड्या रेघेवरून बोट फिरवलं, छान केलंय म्हणाला. मी चहा द्यायला गेले तेव्हा माझ्याकडे बघून, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण हसून म्हणाला, “साहेबांची लाज गेली, माझे आठवड्याचे शंभर रुपये गेले.”

बाबांचा चेहरा उतरला. धुण्याचे वेगळे पैसे असत हे त्यांना माहीत होतं, अर्थातच. तेच देत होते. पण आपण लाज धुतली तेव्हा त्याच पाण्यात दुसऱ्याचं काय वाहून गेलं, हा हिशेब त्यांनी मांडला नव्हता. मीही नाही. गांधींच्या झाडूवर डॉ. आंबेडकरांनी 1945 च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’ या पुस्तकात कठोर टीका केली आहे. सफाईचं काम थोर आहे असा गौरव ज्यांना ते काम सोडताच येत नाही त्यांच्यासमोर करणं म्हणजे त्यांना तिथेच ठेवणं, हा त्या टीकेचा गाभा. झाडू उचलणाऱ्याची नीती पाहायची असेल तर झाडू खाली ठेवायची मुभा कोणाला आहे हेही पाहावं लागतं. बाबांना डबा उचलायचीही मुभा होती आणि ठेवायचीही. त्या माणसाला दोन्ही नव्हत्या. बाबांनी काम दिलं तर काम, काढून घेतलं तर नाही.

पुढच्या महिन्यापासून बाबा त्याला न धुण्याचे पैसे देऊ लागले. त्याने घेतले. बाबांना वाटलं होतं, तो नको म्हणेल आणि मग आपण आग्रह करू. तो नको म्हणाला नाही, आणि बाबा काही दिवस त्यामुळेच खट्टू होते. आपण दिलेलं कोणी सरळ खिशात घातलं की आपल्याला दानाचं सुख मिळत नाही, हे आपलं दुखणं असतं, त्याचं नसतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. नंतरच्या एका भेटीत तो स्वतःच डब्याजवळ बसला आणि एकेक काठी उचलून पाहू लागला. सात नंबरची काठी उजेडात तिरपी धरून बाबांना म्हणाला, “इथे बघा.” खाचांच्या आतल्या टोकाला, दांड्याच्या बाजूला, धातू इतर जागेपेक्षा गुळगुळीत झाला होता. “तुम्ही चेंडू मधोमध मारत नाही, इकडे मारता. दहा-बारा वर्षं मारताय. चेंडूपासून बोटभर लांब उभे राहा.” बाबांनी विचारलं, “मग आजवर सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “तुम्ही रेघ विचारायचात, अंतर विचारायचात. काठी काय म्हणते ते कधी विचारलं नाहीत.”

त्या वाक्यापाशी मी अडकले. धुणारा माणूस वाचत असतो. ज्याच्या हाताखालून आपली वस्तू दर आठवड्याला जाते त्याला आपली चूक कुठे झिजते हे आपल्याआधी कळतं. बाबांनी धुणं स्वतःकडे घेतलं तेव्हा त्यांना वाटलं एक सेवक कमी केला. प्रत्यक्षात त्यांनी त्यांचा एकमेव वाचक गमावला होता, आणि तो वाचक आहे हे त्यांना तीस वर्षांत कळलं नव्हतं.

गोल्फचे नियम या बाबतीत मोठे बोलके आहेत. सामन्यात खेळाडूने सल्ला घ्यायचा तो फक्त आपल्या कॅडीचा, किंवा जोडीदार असेल तर त्याचा आणि त्याच्या कॅडीचा. प्रतिस्पर्ध्याला, प्रेक्षकाला विचारलं तर दंड. कॅडीने नियम मोडला तर दंड खेळाडूच्या नावावर लागतो. म्हणजे त्याची चूक ती माझी चूक, हे नियमात लिहिलेलं आहे. त्याचं शहाणपण ते कोणाचं, हे कुठेच लिहिलेलं नाही, कारण गुणपत्रिकेवर त्याच्या नावाला रकाना नाही. याच शहरातल्या रॉयल कलकत्ता क्लबच्या हिरवळीची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा, एस. एस. पी. चौरसिया, 2016 आणि 2017 साली इंडियन ओपन जिंकला, आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. पण ती गोष्ट सांगून आपण निःश्वास टाकतो, जणू रकाना नसल्याचा प्रश्न सुटला. एक माणूस खेळाडू झाला. मागे राहिलेल्यांच्या माहितीचं काय, हा प्रश्न तिथेच राहतो.

आता माझ्याकडे येते. न येता चाललं असतं तर बरं वाटलं असतं.

सात-आठ वर्षांपूर्वी मी दक्षिण चोवीस परगण्यातल्या नदीकाठावरची एक कादंबरी मराठीत आणली. त्यात भरती-ओहोटीची बोली ठायीठायी होती. ‘भरा कोटाल’ आणि ‘मरा कोटाल’ हे शब्द कोशात सापडले : अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि अष्टमीच्या सुमाराची दुबळी भरती. पण कादंबरीतला म्हातारा आपल्या जावयाला ‘मरा कोटाल’ म्हणतो, तेव्हा तो शिवी देतोय, की कीव करतोय, की थट्टा करतोय? मिरजेच्या मुलीला काय कळणार? समुद्र मी सहलीत पाहिलेला. आमच्याकडे भांडी घासायला येणारी मासी त्या भागातली. ओट्याशी ती घासत असे आणि मी हातात छापील पान घेऊन दाराशी उभी. तिने सांगितलं, मरा कोटालात पाणी येतं, पण खाडीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरतं. गाळात रुतलेली नाव त्याने उचलली जात नाही, नुसती ओली होते. “जावई असा आहे, बौदी. येतो, पण त्याच्याने काही हलत नाही.” ती हसली, आणि मला पूर्ण प्रकरणाचा सूर मिळाला. मग मराठी शब्दासाठी मी हर्णैच्या मामीला फोन केला. कोकणात मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि दुबळ्या भरतीला भांग. ‘भांगाचं पाणी’ असा शब्द मिळाला आणि तो म्हातारा मराठीत बोलू लागला.

असं एका शब्दापुरतं झालं नाही. पाच-सहा महिने, आठवड्यातून दोन-तीनदा, मी दाराशी उभी राहिले आहे. पुस्तक निघालं. ऋणनिर्देशात दोन प्राध्यापक आहेत, मूळ लेखकाचे कुटुंबीय आहेत, संपादक आहेत, हर्णैची मामी आहे. मासी नाही.

मी तिला मुद्दाम वगळलं नाही. मुद्दाम वगळलं असतं तर निदान विचार तरी केला असता. तिचं नाव माझ्या मनात आलंच नाही, कारण ती जे सांगत होती ते मी ‘विचारणं’ समजत नव्हते. मामीला मी फोन लावला होता. मासी तर घरातच होती, भांडी घासत. ते पाण्याच्या आवाजासारखं घरात असलेलं काहीतरी होतं. काठी काय म्हणते ते मी विचारलं होतं, उत्तर घेतलं होतं, आणि उत्तर देणारीला माहिती आहे हे मात्र ध्यानात घेतलं नव्हतं. बाबांपेक्षा माझा अपराध मोठा, कारण माझा तर धंदाच एका तोंडातला शब्द दुसऱ्या तोंडी पोचवण्याचा. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर छापत नाहीत म्हणून मी चर्चासत्रांत तावातावाने बोलले आहे.

कॅडीच्या त्या भेटीनंतर मी मासीला सगळं सांगितलं, पुस्तक दाखवलं, पुढच्या आवृत्तीत तुझं नाव घालते म्हणाले. तिने हात पुसून पुस्तक घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “नावाचे किती मिळतात?” मी खरं ते सांगितलं, की नावाचे काही मिळत नाहीत, आणि पुस्तकाचे मला पहिल्या वर्षी अकरा हजार सहाशे मिळाले होते. ती मोठ्याने हसली. सहा महिने लिहून एवढेच, हे तिला माझ्याविषयीचं वाईट वाटलं. मग गंभीर होऊन म्हणाली, नाव नको. ज्या दुसऱ्या घरी ती जाते तिथे कळलं, की ही बायका-माणसांच्या घरच्या गोष्टी पुस्तकात सांगते, तर काम जाईल. म्हणून या लेखातही तिचं नाव नाही. पैशांचा वाटा मात्र तिने ठरवला आणि मी दिला. नव्या पुस्तकासाठी आम्ही दोघी टेबलाशी बसतो, तिच्या कामाच्या वेळेबाहेर, तासावर. ती भाव करते. मला ते आवडतं.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे. आपली घाण आपण काढली की आपण मोकळे होतो का?

मला वाटतं, इथे दोन वेगळी कर्तव्यं आहेत आणि आपण एकाने दुसरं फेडू पाहतो. पहिलं कामाचं : आपलं हत्यार आपल्या हाताने धुवावं, कारण त्याशिवाय ते कुठे झिजलंय ते कळत नाही. हे चांगलंच आहे आणि बाबांचं त्यात काही चुकलं नाही. दुसरं ऋणाचं : आजवर ज्याने धुतलं त्याचं देणं. ते देणं आपण आजपासून स्वतः धुऊ लागल्याने फिटत नाही. उलट स्वावलंबन ही ऋण विसरण्याची सगळ्यांत प्रतिष्ठित रीत होऊ शकते. मी कोणावर अवलंबून नाही, असं आज म्हणणारा माणूस बहुतेक वेळा एवढंच सांगत असतो, की काल ज्यांच्यावर अवलंबून होतो त्यांच्याकडे पाठ केली आहे.

आपल्याकडे हत्यारांची पूजा आहे. खंडेनवमीला कोयता, करवत, शिवणयंत्र धुऊन पुसून हळद-कुंकू वाहतात. बंगालमध्ये सप्टेंबरात विश्वकर्मापूजेला कारखान्यांतली यंत्रं बंद राहतात आणि कोलकात्याचं आकाश पतंगांनी भरतं. पोळ्याला बैल धुतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जू मानेवर. लहानपणी मला पोळा फक्त गोड वाटे. आता वाटतं, निदान त्या एका दिवशी बैलाच्या मानेवरचा घट्टा धुणाऱ्याच्या हाताला लागतो. तो लागूनही काही बदलत नसेल तर ती पूजा नुसता सण आहे. पण तो लागायला धुवावं मात्र लागतं.

मग धुणं स्वतः करावं की दुसऱ्याला पैसे देऊन करून घ्यावं? या प्रश्नाचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. दोन्हींपैकी काहीही केलं तरी एक गोष्ट टळत नाही, एवढं मला दिसतं : धुणाऱ्याला काय दिसलं ते विचारणं, आणि त्याचं उत्तर माहिती म्हणून, तिच्या किमतीसह, घेणं. बाबा शेवटच्या वर्षी खेळू शकत नव्हते, तरी दर रविवारी धूत. कॅडी महिन्यातून एकदा येई. दोघं डब्याच्या दोन बाजूंना बसत, हा धुई आणि तो काठी वाचून दाखवी. पैसे ठरलेले, आणि चहा. बाबांच्या तोंडून मी एरवी कधी न ऐकलेलं ‘असं का?’ त्या व्हरांड्यात पुष्कळदा ऐकलं.

बाबा गेल्यावर आम्ही पूर्ण संच त्याला दिला. महिन्याभरात त्याने तो विकला. माझ्या नवऱ्याला वाईट वाटलं, वडिलांची आठवण म्हणून दिलं होतं म्हणाला. मी म्हटलं, आठवण आपली, काठ्या त्याच्या. चांगला भाव आला असं त्याने फोनवर सांगितलं. खाचा स्वच्छ होत्या ना, म्हणून.

डबा मात्र त्याने नेला नाही. मासी परवा विचारत होती, हा घेऊन जाऊ का, पावसाळ्यात गळतं तिथे ठेवायला बरा पडेल. मी हो म्हणाले आहे. तांबडी रेघ कशासाठी आहे, असं तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे पाणी इथवर आलं तर चालेल, याच्या वर नको.” हो, म्हटलं, तेवढंच.